गिटार 14 हजारांची, पिकअप 22 हजारांचे

नागपूरच्या महाल भागातले बापलेक माझ्याकडे आले तेव्हा मे महिना तापलेला होता. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. गिटार घेतली 14 हजारांना. तिच्यातले मूळचे तिन्ही पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज टिपणारे भाग, काढून परदेशी सेट बसवायचा त्याने ठरवूनच टाकलं होतं. सेटची किंमत जवळपास 22 हजार. वडिलांना माझ्याकडून फक्त 'हो' किंवा 'नको' ऐकायचं होतं. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होऊन राहिला हा," ते म्हणाले.

मी गिटारींचं सेटअप आणि वायरिंग करून देतो. सांगितलं ते बदलून द्यावं आणि मजुरी घ्यावी, हा सगळ्यात सोपा रस्ता. पण मुलाला विचारलं, नक्की खटकतं काय, तर म्हणाला, "टोनच नाही हिच्यात." एवढ्यावर कुणी 22 हजार खर्च करू नयेत. म्हणून त्याला सांगितलं, 'टोन' हा शब्द न वापरता तक्रारी लिहून आण.

त्याने आणलेल्या कागदावर चार गोष्टी होत्या. एक, घरी सतत घूंऽऽ असा आवाज येतो, वाजवत नसताना जास्तच. दोन, ब्रिजचा, म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर टेकतात तिथला, पिकअप कानाला टोचतो. तीन, अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (सिग्नल वाढवून आवाज फाटवणारं बटण) वाढवला की गिटार शिट्टी मारते. चार, मित्राच्या गिटारीसारखा जाड, भरलेला आवाज येत नाही.

गिटार एका मोठ्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त श्रेणीतली, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे पिकअप (मानेजवळचा नेक, मधला मिडल आणि ब्रिजचा), त्यांतला कोणता चालू ते ठरवणारा पाच खाचांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. घरचा अ‍ॅम्प 10 वॉटचा, साडेसहा इंची स्पीकरचा.

कागद वाचल्यावर पहिलाच प्रश्न पडला तो त्याने निवडलेल्या सेटबद्दल. तोही सिंगल कॉइलचाच होता. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. पण त्या वेढ्यांना गिटारीची तार आणि कूलरची मोटर यांच्यातला फरक कळत नाही. घरातल्या विजेचं 50 हर्ट्झचं क्षेत्रही ते तितक्याच इमानदारीने उचलतात. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन उलट कॉइल शेजारी शेजारी ठेवून हमबकर तयार केला. त्यात गुणगुण आपसात कापली जाते. सिंगल कॉइलमध्ये ती सोय नाही, मग तो 2 हजारांचा असो की 22 हजारांचा. म्हणजे कागदावरची पहिली तक्रार नवा सेट लावूनही जशीच्या तशी राहणार होती. हे ऐकून मुलगा गप्प झाला आणि वडिलांचा चेहरा खुलला. पण बाकीच्या तीन तक्रारी उरल्याच होत्या.

घरची घूं

पहिल्या तक्रारीसाठी त्यांच्या घरीच गेलो, कारण माझ्याकडे ती गिटार एवढी गुणगुणत नव्हती. जुनं घर, मागची खोली, खिडकीत भलामोठा कूलर, आणि मुलाची खुर्ची कूलरपासून हातभरावर. अ‍ॅम्पची थ्री पिन एका टू पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेली.

आवाज ऐकायची एक पद्धत आहे. पाचव्या खाचेत, म्हणजे नुसत्या नेक पिकअपवर, घूं ऐकायची. मग चौथ्या खाचेत, म्हणजे नेक आणि मिडल एकत्र असताना ऐकायची. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधल्या पिकअपचे वेढे आणि चुंबक उलटे असतात, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन पिकअप मिळून हमबकरसारखं काम करतात. या स्वस्त गिटारीतही ते तसंच होतं. चौथ्या खाचेत जाड घूं गेली, पण एक कोरडी, किरकिरी झर्रर्र उरली. गेली ती मोटरच्या क्षेत्राची. उरली ती अर्थिंगची आणि आतल्या शिल्डिंगची, म्हणजे बाहेरचा उपद्रव अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची. दोन वेगळे आजार, उपायही वेगळे.

अडॅप्टर काढून थ्री पिन सरळ भिंतीत लावली, तरी झर्रर्र तेवढीच. घरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, तर नुसती लालसर तार दिसली. अंगणात जुन्या पद्धतीचा कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा होता. वर सिमेंटचं झाकण, आत ठणठणीत कोरडं. नागपूरच्या उन्हाळ्यात असे खड्डे वाळतात आणि त्यांचा विरोध वाढतो. पाणी घालत राहावं लागतं, हे घरातल्या आजोबांना माहीत होतं, पण आजोबा गेल्यावर झाकण कुणी उघडलंच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने खड्डा नव्याने भरला आणि गंजलेली जोडणी बदलली.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग आवाजापुरता नाही. गिटारीच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून, थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं, तर तारांवर वीज येते. तिकडे दुसऱ्या लाईनवरच्या माईकला ओठ लागला की सर्किट पूर्ण. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावल्याने मंचावरच गेला. आपल्याकडे गणपतीच्या आणि गॅदरिंगच्या मंचांवर जे लाईटचे बोर्ड असतात ते पाहिले, की मला गिटारीच्या टोनपेक्षा त्या बोर्डांची जास्त काळजी वाटते. मुलाच्या वडिलांनी त्या सगळ्या चर्चेतलं एवढंच मनावर घेतलं, आणि बरोबर केलं.

अर्थिंग झालं, खुर्ची कूलरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. "काका, अर्धी घूं तर अशीच गेली ना," मुलगा म्हणाला. उरलेली कमी करायला पिकगार्डच्या, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पाटीच्या, मागे आणि पिकअपच्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली. कूलर जवळ आणला तर सिंगल कॉइल आजही गुणगुणतात, आणि गुणगुणणारच.

टोचणारा ब्रिज

दुसऱ्या तक्रारीत मला सगळ्यात जास्त रस होता, कारण 'आवाज टोचतो' म्हणून पिकअप बदलणारे खूप आणि पिकगार्ड उघडून बघणारे थोडे.

आधी उंची. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची आणि पिकअपच्या खिळ्यापासून तारेच्या बुडापर्यंतचं अंतर मोजायचं. साध्या सिंगल कॉइलसाठी फेंडर कंपनी जाड तारेकडे सुमारे 2 मिलिमीटर आणि बारीक तारेकडे 1.6 मिलिमीटर सांगते. इथे बारीक तारेखाली 1 मिलिमीटरही धड नव्हतं. व्हिडिओ बघून त्याने आवाज वाढवायला स्क्रू पिळून पिळून पिकअप वर आणला होता. तो खाली घेतल्याबरोबर ओरखडा थोडा कमी झाला.

मग मीटर. ब्रिज पिकअपचा रेझिस्टन्स 6.5 किलोओहम आला. मुलाने लगेच फोन काढला: नव्या सेटच्या ब्रिजचा 6.4. "म्हणजे माझाच जास्त हॉट आहे?" खोलीत तेव्हा 41 अंश होते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, आणि कंपन्या आकडे देतात ते 25 अंशांच्या आसपासचे. हिशेब केला तर हा पिकअप 6.1 चा. तोच डिसेंबरातल्या 15 अंशांच्या सकाळी 5.9 दाखवील. नागपुरात मे महिन्यात मोजलेला आकडा परदेशी कॅटलॉगशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय रेझिस्टन्सवरून पिकअप किती जोरात वाजेल हे ठरत नाही; तार आणखी बारीक वापरली तरी आकडा वाढतो. यातले चुंबक सिरॅमिकचे, खाली आडवी पट्टी आणि वर लोखंडी खिळे. महाग सेटमध्ये अल्निकोचे दांडे असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला मिश्रधातू. फरक ऐकू येतो, खोटं कशाला बोलू. पण कान टोचण्याचं कारण तो नव्हता.

कारण पिकगार्डच्या मागे होतं. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरवर, छाप: बी 500 के, म्हणजे 500 किलोओहम. सिंगल कॉइलला सहसा 250 के चा पॉट लावतात, हमबकरला 500 के चा. पॉट जितका मोठा तितका वरच्या पट्टीतल्या आवाजाचा कमी भाग ग्राउंडला जातो, आणि आवाज तेवढा धारदार राहतो. त्यातून स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये दोन टोन कंट्रोल असतात ते नेक आणि मिडलसाठी. ब्रिजला, जो मुळातच सगळ्यात तीक्ष्ण, टोनच नसतो. म्हणजे मुलगा टोनचं बटण फिरवत होता आणि ब्रिजवर त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता.

बर्डीच्या दुकानात 470 के चा रेझिस्टर मागितला की दुकानदार एक सुटा देत नाही, पट्टीच हातात ठेवतो. तरी दहाच्या नोटेत काम होतं. पिवळा, जांभळा, पिवळा असे पट्टे. तो व्हॉल्यूम पॉटच्या बाहेरच्या दोन पायांवर आडवा सोल्डर केला. 500 आणि 470 समांतर म्हणजे 242 के, हवं होतं त्याच्या जवळपास. मधल्या पायाला हात न लावल्याने बटणाची चाल बदलली नाही. मग स्विचवर एक इंचभर तार टाकून मिडलचा टोन ब्रिजलाही जोडला. दोन्ही कामं मिळून चहा गार व्हायच्या आत झाली.

केबलचीही गंमत दाखवली. गिटारच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण 100 पिकोफॅराड धारिता असते, आणि पिकअपच्या वेढ्यांशी मिळून ती ठरवते की आवाजातला उंचवटा, म्हणजे सगळ्यात उठून येणारी पट्टी, कुठे येणार. मुलाच्या 3 मीटरच्या केबलवर माझ्या अंदाजाने तो 5 किलोहर्ट्झच्या आसपास होता. 6 मीटरची लावली की 4 च्या खाली उतरतो. त्याला लांब केबलचा आवाज जास्त आवडला. 'लांब केबल म्हणजे टोन मेला' असं सगळीकडे सांगतात, पण टोचणाऱ्या गिटारीला थोडं मरणं मानवतं.

मित्राची गिटार

आता जाड आवाज. धरमपेठेत ते सराव करतात त्या जॅमरूममध्ये 12 इंची स्पीकरचा अ‍ॅम्प आहे, आणि मित्र तिथेच दोन हमबकरची गिटार वाजवतो. मुलाने कायम तुलना केली होती ती घरच्या साडेसहा इंची डब्यातली आपली गिटार आणि जॅमरूममधल्या मोठ्या अ‍ॅम्पमधली मित्राची, यांची. म्हणून घरचा अ‍ॅम्प तिकडे नेला आणि दोन गिटारी, दोन अ‍ॅम्प असे चारही जोड वाजवून पाहिले. हमबकर मुळात मोठ्याने वाजतो, आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. म्हणून दर वेळी आवाज सारखा करून घेतला. ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं.

मित्राची गिटार छोट्या अ‍ॅम्पवर वाजली तेव्हा मुलाने ती आपली समजली. "हीच ती, पातळवाली," तो म्हणाला, आणि वळून बघितल्यावर हसला. उलट त्याची गिटार मोठ्या अ‍ॅम्पवर नेक पिकअपवर इतकी गोड वाजली की मित्रच म्हणाला, "दे बे, मी वाजवून बघतो." चौथ्या खाचेतला क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज त्याच्या दोन हमबकरांतून निघतच नव्हता. नेक आणि मिडल बदलायचा विषय तिथेच संपला.

पण ब्रिजवर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, लावलं की मोठ्या अ‍ॅम्पवरही, रेझिस्टर लावूनही, उंची नीट करूनही, आवाज पातळच राहत होता. इथे मात्र मुलाचं म्हणणं खरं निघालं. सिंगल कॉइल ब्रिजजवळ असाच वाजतो. तो त्याचा दोष नाही, पण या बँडला तो चालत नव्हता.

शिट्टीचीही तपासणी तिथेच झाली. गेन वाढवून अ‍ॅम्पसमोर उभं राहायचं, शिट्टी सुरू झाली की तळव्याने सगळ्या तारा दाबायच्या. शिट्टी थांबली तर ती तारांची, आणि ती वादकाला हवीही असते. न थांबली तर पिकअपच माईकसारखा वागतोय. इथे थांबली नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ब्रिज पिकअपवर टिचकी मारली, तर स्पीकरमधून दारावर थाप मारल्यासारखा आवाज आला. वेढे सैल. ते घट्ट धरून ठेवायला पिकअप मेणात बुडवतात, हा बुडवलेला नव्हता.

काय करायचं

निर्णय आता एका पिकअपपुरता उरला होता, आणि तिघांची तीन मतं होती.

मी मेणाच्या बाजूचा. पॅराफिन आणि मधमाशीचं मेण साधारण 80 ला 20, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून 65 अंशांपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप बुडवायचा. थेट गॅसवर कधीच नाही. मेण पेट घेतं आणि जास्त तापलं तर प्लॅस्टिक वाकतं. (मेणाचे पिकअप असलेली गिटार मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. आत तापमान साठीच्या घरात जातं, आणि गिटारीचा गोंदही सुटू शकतो.) खर्च नगण्य, शिट्टी बंद. पण आवाज जाड होणार नाही, हेही मीच सांगितलं.

वडिलांचं मत: काही करू नका, पैसे साठवा, दोन वर्षांनी चांगली गिटार घ्या. यात दम होता. 14 हजारांच्या गिटारीत 22 हजारांचे पिकअप घातले म्हणून ती विकताना 36 हजारांची होत नाही. घेणारा तिला 14 हजारांचीच समजतो, त्यातही घासाघीस करतो.

मुलाने मात्र गृहपाठ करून नवा पर्याय आणला: सिंगल कॉइलच्याच मापाचा, दोन सळयांचा हमबकर, फक्त ब्रिजसाठी, 4,500 रुपयांना. खोबणी कोरावी लागत नाही, मूळचा पिकअप जपून ठेवता येतो, आणि पुढे गिटार विकताना नवा काढून दुसऱ्या गिटारीत घालता येतो. वडिलांच्या आक्षेपाला त्यात उत्तर होतं, आणि शिट्टी, जाडपणा, ब्रिजची गुणगुण या तिन्हींवर एकच उपाय. माझं मेण त्यापुढे टिकलं नाही. वडील म्हणाले, "एवढं होऊ द्या मग."

बसवताना एकच भानगड झाली. दुसऱ्या खाचेत ब्रिज आणि मिडल एकत्र आले की आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ. दोघे एकमेकांच्या उलट चालत होते. जुना काट्याचा मीटर यासाठी अजून ठेवला आहे: पिकअपला जोडायचा, वर स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टेकवायचं आणि झटकन उचलायचं. काटा मिडलला उजवीकडे उडाला, नव्याला डावीकडे. चार वायरींचा पिकअप असल्याने शिल्डची वायर ग्राउंडलाच ठेवून बाकीच्यांची अदलाबदल करता आली. 470 के चा रेझिस्टर काढायचा का, हा प्रश्न होता, कारण हमबकरला 500 के चालतो. लावून-काढून ऐकलं. डिस्टॉर्शनमध्ये लावलेलाच जास्त भरीव वाटला, म्हणून तो आहे तिथेच राहिला. नवा पिकअप जोरात वाजतो, त्यामुळे त्याला नेकपेक्षा खाली बसवावं लागलं. वर आणायचा मोह मुलाला अजूनही होतो.

फुकट काहीच मिळालं नाही. आधी दुसऱ्या खाचेत ब्रिज आणि मिडल एकमेकांची गुणगुण कापत होते. आता हमबकर गप्प असतो आणि एकटा मिडल गुणगुणतो. तिथली ती टकटकीत, किंचित नाकातली धारही गेली. नव्या पिकअपच्या चार वायरींपैकी दोन वापरून त्या खाचेत त्याची एकच कॉइल चालू ठेवता येते, पण त्यासाठी स्विच बदलावा लागेल. ते काम दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं आहे. तोवर क्लीन वाजवायचं असलं की तो चौथी खाच वापरतो, जिथे अजून मूळचे दोन्ही पिकअप आहेत.